शीड नसलेली होडी

पुण्याहून मावशी येणार म्हटलं, की जबलपूरच्या मराठी घरातला बेत ठरलेलाच असतो: आधी खव्याची जिलबी, मग भेडाघाट.

यंदाच्या भाच्यानं फोनवर थेट ‘शिडाची होडी’ कबूल करून टाकली. भेडाघाटच्या पंचवटी घाटावर मावशी शीड शोधतात. नावाड्याकडे वल्ही आणि तोंड एवढंच. होडी मुख्यतः तोंडावर चालते. दोन्ही बाजूंना संगमरवराचे उभे कडे, आणि प्रत्येक कड्यावर त्याचं हिंदी यमक तयार. इथे हत्ती, तिथे मोटार, पलीकडे १९६० च्या ‘जिस देश में गंगा बहती है’चं चित्रीकरण. (नर्मदेनं गंगेचं काम केलं, मानधनाचं कुणी विचारत नाही.) २०२१ मध्ये भेडाघाट-लमेटाघाट युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं, हे मात्र भाच्यालाच सांगावं लागतं, कारण ‘युनेस्को’ला यमक जुळत नाही.

शिडाचं काम खरं दिलीप दोंदे यांचं. ऑगस्ट २००९ मध्ये ‘म्हादेई’ ही शिडाची होडी घेऊन ते मुंबईहून एकटे निघाले, वाटेत चार बंदरांत थांबले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. होडीत ना नावाडी, ना मावशी.

इथे अर्ध्या तासात मावशींनी तीनदा विचारलं, ‘‘अरे, शीड कुठाय?’’

वारा आला तो परतताना. पदर फुगला आणि सरळ नावाड्याच्या तोंडावर बसला. बंदरकूदनी नावाच्या कड्यांचं यमक तेवढं अर्धवट राहिलं.