राजपत्र दाखवा, साहेब!

नांदेड–लातूर रस्त्यावर लोहा ओलांडलं की मोबाइल वाजतो: वेग जास्त, दंड भरा. मग आपला माणूस एक तर लोकअदालतीत सूट मिळेल म्हणून थांबतो, नाही तर पुढाऱ्याचा नंबर शोधतो. कायदा उघडून बघावा, असं कुणालाच वाटत नाही.

उघडला तर मजाच आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ११२. केंद्राच्या ६ एप्रिल २०१८च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. राज्याला ती खाली आणता येते, पण त्यासाठी राजपत्रात अधिसूचना हवी आणि रस्त्यावर योग्य जागी फलकही हवा. राजपत्रातून सवलत फक्त महिनाभरापुरत्या बंधनाला. म्हणजे चाकूरजवळच्या एखाद्या खांबावर कुणी हौसेनं ‘४०’ रंगवलं, तर तो नुसता रंग. आणि अधिसूचना असूनही फलकावर भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असेल, तर मर्यादा नेमकी कुणी पाळायची? भाऊंच्या स्मितहास्यानं?

गंमत अशी, की ‘राजपत्र दाखवा’ म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडतो तो गडी ११८ नं चाललेला असतो. त्याला कुठलंच राजपत्र वाचवणार नाही; एक-दोन हजार भरून त्यानं मोकळं व्हावं. ७२ वाल्यानं मात्र अधिसूचनेची प्रत जरूर मागावी. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.