मेडिक्लेमचा फॉर्म: नवशिक्यांसाठी धडा पहिला

उदाहरण म्हणून माझ्या मावशीचा मोतीबिंदू घेऊ. मावशीला आता त्या डोळ्याने लख्ख दिसतं. फाइल मात्र अजून अंधुकच आहे.

फॉर्मला घाबरू नका. विमा नियामक आयआरडीएने २०१३ मध्ये सगळ्या कंपन्यांना एकच नमुना लावून दिला. भाग ‘अ’ तुमचा, भाग ‘ब’ रुग्णालयाचा. हा फॉर्म दिला म्हणजे पैसे द्यायचं कबूल केलं असं समजू नये, हे कंपनीने माथ्यावरच छापलेलं असतं. लग्नपत्रिकेवर ‘जेवण असेलच असं नाही’ छापावं तसं. मनाला लावून घेऊ नका.

नाव पॉलिसीवर आहे तसंच लिहा. मावशीच्या आधार कार्डावर ती सुनंदा आहे, पॉलिसीवर सुनांदा. क्लेमपुरती ती सुनांदा झाली.

भाग ‘ब’ रुग्णालय भरतं, पण आजाराचा आयसीडी कोड स्वतः वाचा. म्हातारपणचा मोतीबिंदू म्हणजे एच२५. टायपिस्टची बोटं उलटसुलट पडून एच५२ झालं, तर मोतीबिंदूचा चष्म्याचा नंबर होतो. आणि साडेसात डायॉप्टरच्या आतला नंबर घालवायला विमा पैसे देत नाही.

आता खरा विषय: कंगवा. बिलातल्या किरकोळ वस्तूंच्या चार याद्या आहेत. दुसऱ्या यादीतल्या ३७ बाबी खोलीच्या भाड्यातच धरायच्या. त्यात कंगवा, टूथब्रश, सपाता, व्हिजिटर पास, फाइल उघडण्याचा आकार, आणि (कोणाला सुचलं देव जाणे) ओ-द-कोलोन. तिसऱ्या यादीतला माल शस्त्रक्रियेच्या आकारात. डोळ्यावरची पट्टी आणि शील्ड तिथे येतात.

मावशीच्या बिलात पट्टी वेगळी, शील्ड वेगळं, आणि खाली पुन्हा ‘आय केअर किट’. नियामकाने वस्तूंची नावं ठरवली; रुग्णालयाने नव्याने बारसं केलं. कंपनीने तिन्ही ओळी कापल्या. मी काउंटरवर गेलो. “काका, कंपनी देत नाही, म्हणजे पेशंटनेच द्यायचं ना!” मुलगी समजूत घालत म्हणाली. हे पैसे मुळात वेगळे लावायचेच नाहीत, असं यादीचं म्हणणं. पण यादी कंपनीसाठी, बिल रुग्णालयाचं, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत मावशीचं पाकीट.

कॅशलेसवाल्यांनी हसू नये. डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यावी, असा २०२४ चा नियम आहे खरा. पण ते तास रुग्णालयाची विनंती कंपनीकडे पोचल्यापासून मोजतात, तुम्ही कपडे बदलून पलंगावर बसल्यापासून नव्हे.

तपशीलवार बिल मागून घ्या, लेन्सचं स्टिकर जपा, आणि फाइल देण्याआधी प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढा. झेरॉक्सचे पैसे मात्र मिळत नाहीत. ते पहिल्या यादीत आहेत.