उभा कपडा, आडवा कपडा

आमच्याकडे घाटाखाली सावलीची हिरवी नेट संपली आहे. रोहिणखेडात नाही, मोताळ्यात नाही, मलकापूरचे दुकानदारही हात वर करतात. ऐन उन्हाळ्यात मिरचीची रोपं करपताहेत, शेळ्या भिंतीच्या वीतभर सावलीत अंग चोरून उभ्या आहेत, आणि कृषी केंद्रवाला म्हणतो, ‘‘काल रातीच आख्खा ट्रक शहरात गेला.’’ एवढी मोठी रोपवाटिका शहरात कोणी टाकली बाप्पा, म्हणून विचारलं. ‘‘रोपं नाही भाऊ, माणसं झाकाची हायेत. साहेब येऊन राह्यले.’’

शहराचं नाव छापणार नाही. एकाचं छापलं की बाकीच्यांना वाटतं, आपण सुटलो. साहेबांचंही विचारू नका. साहेब दर खेपेला नवे असतात, नेट तीच असते.

आता नेट टक्क्यांवर मिळते हे शेतकऱ्याला सांगायला नको, पण शहरी वाचकांसाठी सांगतो. पन्नास टक्क्यांची नेट निम्मं ऊन अडवते, पंचाहत्तरची पाऊण, नव्वदची जवळपास सगळंच. भाजीच्या रोपाला कुठली, पानवेलीला कुठली, हे आमच्याकडचं शाळकरी पोर सांगेल. माणसाला कुठली, हे मात्र कुठल्याच कृषी विद्यापीठानं अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे त्या शहरातल्या अभियंत्यांची फार पंचाईत झाली असणार. पन्नास टक्क्यांची लावली तर गरिबी निम्मी दिसते, आणि निम्मी गरिबी ही अख्ख्या गरिबीहून वाईट, कारण पलीकडे काय आहे म्हणून साहेब गाडीची काच खाली करतात. पंचाहत्तरची लावली तर माणूस दिसत नाही, पण चूल पेटली की जाळ दिसतो, आणि जाळ दिसला की भाकरी आली, भाकरी आली की पोट आलं, आणि पोट दौऱ्याच्या कार्यक्रमपत्रिकेत नाही. म्हणून नव्वदची. एका रात्रीत नव्वद टक्के गरिबी नाहीशी करणारा दुसरा कार्यक्रम या देशात झाला असेल तर मला कळवा. राहिलेले दहा टक्के म्हणजे नेटखालून दिसणारे पाय. पुढच्या वेळी नेट जमिनीला घासून बांधा, अशी सूचना दप्तरी आली असेलच.

हे आजचं नाही. २०२२ च्या डिसेंबरात मुंबईत परदेशी पाहुणे आले, तेव्हाही त्यांच्या वाटेवरच्या झोपड्यांपुढे पडदे आणि मोठाले फलक उभे राहिले होते. ज्या शहरात निम्मी माणसं पाहुण्यांना दाखवण्याजोगी नाहीत असं शहरालाच वाटतं, तिथे पाहुणे बोलवावेत कशाला, हा प्रश्न आमच्यासारख्या खेडवळांना पडतो. आमच्याकडे पाहुणा आला की फार तर अंगण सारवतात. म्हाताऱ्या आजीवर गोधडी टाकून तिला कोपऱ्यात ढकलत नाहीत.

पण मला खरी गंमत वाटली ती पुढची. त्या बिननावाच्या शहरातून साहेबांचा ताफा गेला, दुपारचे दोन वाजले, आणि नेटमागच्या एका बाईनं खालच्या सुतळीच्या दोन गाठी सोडल्या. कपड्याचा तो पदर वर ओढला, विजेच्या खांबाला अडकवला आणि त्याखाली लेकराला निजवलं. तासाभरात पालिकेची गाडी हजर. बांबू तोच, सुतळी तीच, कपडाही तोच. फक्त उभा होता तोवर सौंदर्यीकरण होतं, आडवा झाल्याबरोबर अतिक्रमण झालं. पंचनाम्यात काय लिहिलं असेल? ‘सदर महिलेने शासकीय सावलीचा खासगी वापर केल्याचे आढळून आले.’

तेव्हापासून माझ्या डोक्यात तो कोन घोळतो आहे. नव्वद अंशात बांधला तर सौंदर्यीकरण, आडवा सपाट बांधला तर अतिक्रमण. मग मधे नक्की कुठे कायदा पलटतो? साठ अंशात बाई सुटली असती का? पंचेचाळीस अंशात काय होतं ते मला ठाऊक आहे, आणि वाचकांनाही आहे. पंचेचाळीस अंशात बांधलेल्या कपड्याला मंडप म्हणतात. मंडपाला परवानगी मिळते. परवानगी नसली तर मंडप आधी उभा राहतो आणि परवानगी मागून धापा टाकत येते. मंडपाला खांबावरून वीज मिळते, वर्गणी मिळते, दहा दिवस रस्ता अडवता येतो, रस्त्याला भोकं पाडता येतात आणि ती भोकं पुढच्या वर्षापर्यंत सांभाळून ठेवता येतात. तेव्हा त्या बाईचं चुकलंच. तिनं कपडा थोडा तिरका बांधायला हवा होता, पुढे एक भोंगा ठेवायला हवा होता, बाजूला ‘आपले विनीत’ म्हणून पन्नास फोटोंचा फलक लावायला हवा होता. मग गाडी आलीच नसती. आली असती ती साहेबांची, नारळ फोडायला. लेकरू आत निवांत झोपलं असतं आणि त्याची झोप मोडली म्हणून कोणाची भावना दुखावली असती. बेघरांचा प्रश्न, मंडळी, हा घरांचा प्रश्न नाहीच. तो भूमितीचा आहे. सगळ्या नगरपालिकांनी प्रत्येक उड्डाणपुलाखाली एक कोनमापक टांगावा आणि प्रत्येक बेघराला पंचेचाळीस अंशाचं प्रशिक्षण द्यावं. प्रशिक्षणाला भत्ता असेल तर तो ज्याला द्यायचा त्याला दिलाच जाईल.

आडव्या कपड्याचंच पाहा. आमच्या रोहिणखेडच्या शिवारात १४३७ साली बहमनी आणि खानदेशी फौजांची लढाई झाली. दीडेकशे वर्षांनी निजामशाहीतली माणसं आपसात इथेच लढली. दोन्ही वेळा हजारो राहुट्या या मातीत ठोकल्या गेल्या असतील, सगळ्या आडव्या कपड्याच्या, आणि रहिवासी दाखला कोणी मागितल्याची इतिहासात नोंद नाही. माणसं मारायला येणाऱ्याला तंबू ठोकता येतो. कापूस वेचायला येणाऱ्याला ‘किती दिवस राहणार, नोंद केली का’ असं विचारतात.

बेघर कोण, याची व्याख्याही सरकारदरबारी आहे. २०११ च्या जनगणनेत ती अशी होती: जे कुटुंब इमारतीत किंवा घरात राहत नाही, तर उघड्यावर, रस्त्याकडेला, फुटपाथवर, ह्यूम पाईपमध्ये, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, मंडपात, फलाटावर राहतं, ते. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. म्हणजे त्या रात्री कोणीतरी प्रगणक बॅटरी घेऊन सिमेंटच्या पाईपापाशी वाकला, आत डोकावला, माणूस दिसला, नोंद केली, कंबर सरळ केली आणि पुढच्या पाईपाकडे गेला. त्या प्रगणकावर माझा राग नाही. निदान तो वाकला तरी. अशा वाकण्यातून देशभरात १७ लाख ७० हजारांवर बेघर निघाले, महाराष्ट्रात २ लाख १० हजार. त्याच जनगणनेत देशात २ कोटी ४६ लाख घरं रिकामी निघाली. म्हणजे एकेका बेघरामागे तेरा-चौदा घरं कुलूप लावून बसलेली, आणि हा पाईपात. पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या तारखेची आहे. एव्हाना ते पाईप जमिनीखाली गेले असतील, त्यांतून पाणी वाहत असेल, आणि त्यातला माणूस कुठे वाहत गेला ते बॅटरीवाल्यानं नव्यानं शोधायचं आहे.

आणि सापडला तर? त्याच्यासाठी १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. या कायद्यानं भिकारी ठरायला हात पसरावाच लागतो असं नाही. उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नसेल आणि माणूस अशा अवस्थेत सार्वजनिक जागी हिंडत असेल की हा भिकेवरच जगत असावा असं वाटावं, तरी पुरतं. वाटावं! पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं कोंडून ठेवता येतं, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्लीत २०१८ साली उच्च न्यायालयानं यातली मुख्य कलमं रद्द केली. जन्म मात्र या कायद्याचा आपल्या मुंबईचा, आणि जन्मगावी त्याला अजून घर आहे. या दृष्टीनं पाहिलं तर नेटवाले दयाळूच म्हणायचे. कायदा म्हणतो, साधन दिसत नाही. नेट म्हणते, माणूसच दिसत नाही. आता कलम लावायचं कोणाला?

शहरवाल्यांना वाटतं, ही नेटमागची माणसं आभाळातून पडतात. ती आमच्याकडून येतात. घाटाखालचा एक नमुना घ्या, म्हणजे कुठल्याही गावात सापडेल असा. घरकुलाच्या यादीत, म्हणजे प्रपत्र ड मध्ये नाव आलं, घरकुल मंजूर झालं, २६९ चौरस फूट, अनुदान १ लाख २० हजार. हप्त्यांनी येणार, फोटो काढून पाठवला की पुढचा. पाया झाला, फोटो झाला. भिंती लिंटेलपर्यंत आल्या आणि रेती, लोखंड, गवंड्याची मजुरी यांनी हप्त्याला गाठून मागे टाकलं. उरलेले पैसे कमवायला तो बायको-पोरं घेऊन शहरात गेला आणि ज्या इमारतीवर विटा वाहतो तिच्यासमोरच्या फुटपाथवर झोपतो. गावच्या कागदावर तो लाभार्थी आहे. शहराच्या कागदावर तो अडथळा आहे. लिंटेलपर्यंतच्या त्याच्या घरात बाभळी उगवल्या आहेत, आणि तो घर पुरं करण्यासाठी बेघर झाला आहे. ज्याला गावठाणात जागाच नाही, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव नाही, त्याला जागा घ्यायला अनुदानाची वेगळी योजना आहे. तीतली रक्कम घेऊन तुम्ही एकदा जागा विचारायला जाऊन पाहा, मालक चहा पाजून परत पाठवेल.

आता गावाची फार तारीफ करावी तर तेही जमत नाही. एके काळी मुक्कामी एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओट्यावर पडायचे, कोणाच्याही घरून तांब्याभर पाणी यायचं. वारीला निघालेला, बाजाराला उशीर झालेला, बैल हरवला म्हणून हिंडणारा, सगळ्यांना ओटा होता. आता ओट्यांना ग्रिल बसल्या. आत देव, बाहेर कुलूप, वर कॅमेरा. ग्रिलवर देणगीदाराचं नाव वेल्डिंग करून लिहिलेलं असतं. कोणी कोणाला बाहेर ठेवण्यासाठी किती रुपये दिले, हे एवढ्या अभिमानानं लिहिणारी जमात दुसरी नसेल. आणि गावाबाहेर पाल पडलं की पहिला संशय तिकडेच जातो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पालं टाकून राहिलेले, पोटासाठी फिरणारे, तिथे आले होते. मोबाईलवर मुलं पळवणाऱ्यांची अफवा फिरत होती. जमावानं पाचांना ठेचून मारलं. यात मला विनोद सापडत नाही, आणि सापडला असता तरी मी लिहिला नसता. घर नसलेल्या माणसाला आपल्याकडे नाव विचारण्याआधी आरोप विचारला जातो, एवढंच सांगतो आणि पुढे जातो, कारण इथे थांबलो तर सदराची भाषा राहणार नाही.

शहरातली रहिवासी मंडळी मात्र अगदीच दगड नसतात. वर्षातून एका रात्री ती चादरवाटप करतात. रात्री अकराला गाडी थांबते, झोपलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडावर फ्लॅश पडतो, त्याला उठवून बसवतात, चादरीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं पाच जणांच्या. झोपलेल्याला उठवून झोपण्याची वस्तू द्यायची! फोटो नीट आला नाही तर पुन्हा घ्यायची, पुन्हा द्यायची. आणि याच मंडळींच्या वॉर्डात रात्र निवारा बांधायचा म्हटलं की सह्यांचं निवेदन तयार. आमचा विरोध नाही, पण इथे नको. मुलींची शाळा आहे. ज्येष्ठ नागरिक आहेत. फ्लॅटचे भाव आहेत. खरं कारण तिसरंच असतं, पण निवेदनात ते नेहमी शेवटी लिहितात.

मग निवारा जातो गावकुसाबाहेर, कचरा डेपोच्या अंगाला. शहरी बेघरांच्या योजनेत नियम होता: लाखभर वस्तीमागे किमान शंभर माणसांचा निवारा. कागदावर तो होतोही. पण मजूर फुटपाथवर हौसेनं झोपत नाही. मजूर अड्ड्यावर पहाटे उभं राहिलं तर काम मिळतं, भाजीचा ट्रक तीनला येतो, दवाखान्यात पेशंटजवळ रात्री कोणी लागतं. सहा किलोमीटरवरच्या निवाऱ्यातून तो तिथे कशानं येणार, साहेबांच्या ताफ्यातून? वर दारात आधार कार्ड मागतात, नवरा एका इमारतीत आणि बायको दुसरीत पाठवतात, हातगाडी बाहेर ठेवायला सांगतात आणि सकाळी ती नसते. महिनाभरानं अहवाल येतो: निवारा रिकामा, बेघरांची मानसिकता नाही. मानसिकता! ज्यानं तो निवारा तिथे बांधला त्याची तपासा ना एकदा.

निवारा बाजार समितीच्या भिंतीला लागून बांधा, स्टँडमागे बांधा, सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी बांधा. रात्री बाराला आलेल्याला आत घ्या. कुटुंबाला एक खोली द्या, गाडीला साखळी द्या, सामानाला पेटी द्या, कागद सकाळी मागा. गावात लिंटेलला अडकलेल्या घरांचे हप्ते आजच्या रेतीच्या भावानं द्या, म्हणजे निम्मे लोक तुमच्या शहरात यायचेच नाहीत. आणि उद्घाटनाला साहेबांना अजिबात बोलवू नका, कारण ते येणार म्हटलं की निवाऱ्यातल्यांना पुन्हा झाकावं लागेल. बोलवायचंच असेल तर रात्री अकराला बोलवा, फीत-बीत नको, सरळ पंधरा नंबरच्या गादीवर झोपवा आणि पहाटे पाचला उठवून मजूर अड्ड्यावर उभं करा. काम मिळालं तर मिळालं.