सुकट, संबाल आणि शिवाजीराव

इंग्लंडमधल्या बऱ्याच विद्यापीठांत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ‘मलेशियन नाइट’ नावाचा सोहळा होतो. मलेशियाचे राष्ट्रीय दिवस दोन, ३१ ऑगस्ट आणि १६ सप्टेंबर. दोन्ही उन्हाळी सुटीत येतात. त्या दिवसांत मुलं आपापल्या घरी आईच्या हातचं जेवत असतात, त्यामुळे देशाची आठवण येण्याचं काही कारण नसतं. ती येते फेब्रुवारीत, कॅन्टीनमधले उकडलेले बटाटे खाऊन खाऊन.

माझा या सोहळ्याशी संबंध नाकानं जुळवला. एका संध्याकाळी हॉस्टेलातला धुराचा अलार्म कोकलला आणि आम्ही सगळे बाहेर कुडकुडत उभे राहिलो. भिंतीत उंदीर मेला असावा, असं इंग्रज मुलांचं मत पडलं. मी मालवणचा. हवेत एकदाच हुंगलं आणि जीव गलबलला. कुणीतरी सुकट भाजत होतं! सुकट नव्हती, पण तिचीच मावसबहीण होती: बेलाचान. जवळा मिठात आंबवून, वाळवून केलेली वडी. ती भाजल्याशिवाय संबाल, म्हणजे तिकडचा मिरचीचा ठेचा, होत नाही आणि संबालाशिवाय मलेशियन माणूस जेवत नाही. भाजणाऱ्या मुलीकडे सगळं हॉस्टेल खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत होतं. मी एकटाच विचारत होतो, “जेवायला कधी येऊ?”

“शनिवारी ‘मलेशियन नाइट’च्या तालमीला ये. जेवण असतं,” ती म्हणाली.

आपल्याकडे स्नेहसंमेलनात नाटक वेगळं आणि नाच वेगळे. यांच्याकडे नाच नाटकात असतात, आणि एकाही राज्याचा नाच राहून चालत नाही. त्यामुळे लेखकाचे जे हाल होतात ते बघवत नाहीत. इथं नायक इंग्लंडात शिकणारा, आजी आजारी पडल्यामुळे घरी निघालेला. विमान खरं तर थेट क्वालालंपूरला जातं. पण आजीला केलांतानला ठेवावं लागलं, कारण जमिनीवर ओळीनं बसून टाळ्यांच्या ठेक्यावर गायचा ‘दिकिर बारात’ तिकडचा. आजीचं औषध मात्र समुद्रापलीकडे साबात मिळतं, कारण हात पंखांसारखे पसरून करायचा ‘सुमाझाउ’ तिथला. शेजारच्या सारावाकमध्ये नायक का जातो, हे लेखकालाही सांगता आलं नाही. तिथं धनेशाची पिसं खोवून योद्ध्यांचा ‘ङजात’ होतो, एवढं कारण पुरेसं होतं. पिसं पुठ्ठ्याची होती. प्रयोगात त्यातली काही पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या मांडीवर पडली. बांबूच्या नाचासाठी इंग्लंडात बांबू कुठून आणणार? पडद्यांच्या दांड्या आणल्या होत्या. त्या आपटताना कुणाचा घोटा सापडला नाही, ही दिग्दर्शनाची कमाल.

भारतीय नाचातला एक मुलगा गुडघा धरून बसला, तशा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. भारतीय म्हणजे नाचणारच.

“तमिळ?” एकीनं आशेनं विचारलं.

“मराठी.”

चेहरे पडले. मलेशियातले बहुतेक भारतीय तमिळ. इंग्रजांनी रबराच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांची ही नातवंडं-पतवंडं. मराठीशी त्यांना काय देणंघेणं! मग मी हुकमाचं पान टाकलं. म्हटलं, तुमचा रजनीकांत मूळचा शिवाजीराव गायकवाड, बंगळुरातल्या मराठी घरातला. २०१६च्या ‘कबाली’त हाच माणूस क्वालालंपूरचा डॉन झालेला, त्यामुळे तो त्यांच्या घरचाच. क्षणभर शांतता. मग मला दुसऱ्या ओळीत उभं केलं आणि ताटात नारळात आटवलेल्या मांसाचा रेंदांग दुप्पट पडला. शिवाजीरावांचे उपकार मी विसरणार नाही.

धर्म कुठला, कोटा कुणाला किती, असल्या विषयांवर मलेशियात निवडणुका लढवल्या जातात. तालमीत मात्र ते कुणी काढत नव्हतं. निवेदकानं “१९५७ साली मलेशिया स्वतंत्र झाला” असं म्हटलं की साबा-सारावाकची मंडळी मागून “१९६३!” असं ओरडायची, तेवढंच. त्यांचंही बरोबर होतं: ५७ साली स्वतंत्र झाला तो मलाया, यांना घेऊन मलेशिया झाला ६३ साली. सिंगापूरही तेव्हा आत होतं. ६५ साली बाहेर पडलं. तिथली दोन मुलं तालमीला यायची, गुपचूप जेवायची आणि चिकन राइस मूळ आमचाच, असं सांगून जायची.

खरं रण माजलं ते लाक्सावरून. पिनांगचा लाक्सा म्हणजे बांगड्याचं चिंच घातलेलं आंबट कालवण आणि त्यात तांदळाच्या जाड शेवया. सारावाकचा नारळाच्या दुधातला, वर कोळंबी. जोहोरवाले तर लाक्सात चक्क स्पॅगेटी घालतात आणि वर मान ताठ ठेवतात. प्रयोगाच्या दिवशी दारात एकच लाक्सा वाढायचा होता. कोणता, यावर मध्यरात्रीपर्यंत बैठक चालली. मी मालवणी माणूस, बांगड्याला मत दिलं. सारावाकची मंडळी त्यानंतर प्रयोगापर्यंत माझ्याशी बोलली नाहीत. शेवटी नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, ठेवला, कारण त्यावर कुणाचाच वाद नव्हता. तिकिटं त्याच्यावरच खपली, नाटकावर नव्हे.

तेव्हा तुमच्या परदेशी शिकणाऱ्या मुलानं ‘मलेशियन नाइट’चं तिकीट काढू का, असं विचारलं तर खुशाल काढ म्हणा. दुपारी जेवू नकोस, म्हणावं, आणि दिलेल्या वेळेला पोचायची घाई करू नकोस. लाक्सा कुठला चांगला असं कुणी विचारलंच, तर तोंडात भलामोठा घास असू दे.