सेक्रेटरी स्टॉकहोमात

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे सेक्रेटरी लेकीकडे स्टॉकहोमला जाऊन आले. एरवी ते बिल्डिंग सोडून फार तर ठाण्यापर्यंत जातात आणि तिथूनही टाकी भरली का म्हणून वॉचमनला फोन करतात. त्यामुळे हा माणूस युरोपात काय बघणार, याची सगळ्या विंगला उत्सुकता होती.

ग्रुपवर फोटो येऊ लागले. गामला स्तान म्हणजे स्टॉकहोमचं जुनं गावठाण, तेराव्या शतकापासूनचं. तिथल्या पिवळ्या-केशरी घरांपुढे जग फोटो काढतं. सेक्रेटरींच्या फोटोंत पावसाचे पाइप, भेगा आणि पोपडे होते. सहाशेहून जास्त खोल्यांच्या राजवाड्याचा एकच फोटो आला. त्यात एका कोपऱ्याला लाल गोल आणि खाली प्रश्न : ‘सीपेज?’ ती सावली होती, असा खुलासा जावयाने केला.

तिथली सगळ्यात अरुंद गल्ली एके ठिकाणी जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद आहे, वर ३६ पायऱ्या. जोडपी तिथे हौसेने बिलगून उभी राहतात. सेक्रेटरींनी काकूंना बाजूला सारलं, वितीने गल्ली मोजली आणि विचारलं, “फायरची एनओसी कोणी दिली?”

या जुन्या घरांच्या तुळया भिंतींना जखडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या बाहेरून दिसतात. त्यांच्या आकारावरून जाणकार घराचं वय ओळखतात. सेक्रेटरींनी फक्त मान हलवली. “टेकू! म्हणजे म्हाडा इथेही पोचली.”

मोठ्या चौकात लेकीने इतिहास सांगितला. १५२० साली डेन्मार्कच्या दुसऱ्या ख्रिश्चन राजाने राज्याभिषेकाच्या मेजवानीला सरदार आणि बिशप बोलावले, दारं लावून घेतली आणि मग या चौकात ऐंशीच्या वर माणसांना ठार केलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. सेक्रेटरी बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, “कोरम मात्र पूर्ण होता.” आमच्या एजीएमला समोसे ठेवूनही नऊ माणसं जमतात, त्याचं हे दुःख.

एकोणिसाव्या शतकात ही वस्ती पाडून सरळ रस्ते आखायच्या योजना झाल्या होत्या, हे कळल्यावर मात्र त्यांचे डोळे चमकले. मुलुंडची चौकटीची आखणी १९२२ सालची, हे ते भेटेल त्याला ऐकवतात. स्टॉकहोमच्या बसथांब्यावरही ऐकवलं म्हणे. “मग अडलं कुठे?” त्यांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. “एक्कावन्न टक्के जमले नसतील. तळमजल्यावरचा एक आडमुठा प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतोच.” हे वाक्य त्यांनी ग्रुपवरही टाकलं. आमच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर मी राहतो.

पण त्यांचा खरा प्रवास शेवटच्या आठवड्यात झाला. स्वीडनमध्येही घरं सहकारी संस्थांची असतात, तिथेही कमिटी असते, वार्षिक सभा असते, हे त्यांना कळलं. गामला स्तानचं पुढचं म्युझियम त्यांनी रद्द केलं आणि जावयाच्या सोसायटीच्या सभेला कोपऱ्यात जाऊन बसले. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. सामायिक धुलाईखोलीच्या वेळांवरून एक बाई तावातावाने बोलायला उठल्या, अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मागच्या रांगेतला एक गृहस्थ नुसताच हसला. सेक्रेटरी जावयाच्या कानात म्हणाले, “हा थकबाकीदार.”

खरंच होता. मग कोणीतरी ठराव मांडला, आणि जावई थांबवेपर्यंत सेक्रेटरी हात वर करून उभे : “अनुमोदन!”

ठराव कसला, ते त्यांनी घरी आल्यावर विचारलं.