गिगाभाऊ

वाशिमच्या पाटणी चौकातून नवा मोबाइल घेऊन निघालेल्या माणसाला दोनच भीती असतात. एक, फोन हातातून पडेल. दुसरी, वाटेत गिगाभाऊ भेटेल. पडलेल्या फोनला निदान नवी काच बसवून मिळते.

गिगाभाऊ डबा हातात घेतो, उलटा करतो, मागची मुंगीएवढी अक्षरं वाचतो. सोयरीक पक्की झाल्यावर पत्रिका बघायला मागणारा एखादा मामा असतो ना, तसा त्याचा चेहरा होतो. मग विचारतो, “कितीले देला?” आपण आकडा सांगतो. त्यावर तो फक्त “हं” म्हणतो. त्या ‘हं’नं सोळा हजारांचा फोन उभ्या जागी चौदाचा होतो. आपण कासावीस होऊन विचारतो, “का रे, वाईट आहे का?” तो म्हणतो, “वाईट नाई सर. आता घेतलाच तुमी.” बस. घरी जाऊन चार्जिंगला लावेपर्यंत फोन जुना झालेला असतो.

त्याचं खरं नाव सातबाऱ्यावर आहे, ते तिथंच राहू दे. आमचा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 ला; गिगाभाऊ त्याहून चार वर्षांनी मोठा. जिल्हा सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि गिगाभाऊच्या आकांक्षाही अजून यादीतच आहेत. बी. एस्सी. झाला, नोकरी लागली नाही, रिसोड रोडवरच्या गावात बापाबरोबर पाच एकर करतो. मोबाइलचं दुकान नाही, कुणाकडून कमिशन नाही. तरी मालेगाव, मंगरुळपीरहून त्याला फोन येतात, ते कोणता फोन घ्यावा हे विचारायला. स्वतः मात्र नवा कधी घेत नाही. दुसऱ्यानं आठ-दहा महिने वापरलेलाच घेतो. “जुपून पाह्यल्याशिवाय बैल घेते का कोणी?” असा त्याचा रोकडा हिशोब.

त्याचा सल्ला विचारणाऱ्यानं आधी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कुठल्याही प्रश्नाचं त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: “थांबा. पुढच्या महिन्यात नवा येते.” पुढच्या महिन्यात तो खरंच येतो. मग गिगाभाऊ म्हणतो, “आता हा आला म्हनल्यावर जुना उतरते. थांबा.” जुना उतरेपर्यंत त्याहून नव्याची बातमी येते. 2018 च्या ऑगस्टमध्ये पोको एफ1 निघाला, 20,999 रुपयांत स्नॅपड्रॅगन 845. गिगाभाऊच्या लेखी तो रामराज्याचा महिना. त्यानंतरचा प्रत्येक फोन तो त्याच्याशेजारी उभा करून पाहतो आणि मान हलवतो. आमच्या शाळेतले एक गुरुजी तेव्हा त्याला विचारायला गेले होते. ते अजून थांबलेले आहेत. मध्यंतरी निवृत्तही झाले.

गावाला हे वेड वाटतं, पण त्यात नवीन काही नाही. पारावर बाप लोक बसतात आणि जेएस 335 पेरावं की केडीएस 726, यावर मृग निघेपर्यंत भांडतात. त्याच पाराच्या दुसऱ्या कडेला पोरं बसतात आणि स्नॅपड्रॅगन 695 बरा की 778 जी, यावर भांडतात. दोन्हीकडं आकडेच, दोन्हीकडं उताऱ्याची बात. गिगाभाऊ मधोमध बसतो, कारण त्याला दोन्ही कळतं. “बियाण्याची बॅग नवी अन् आत दाना जुना, हे तुमाले ठाऊक हाये ना काका? तसंच इकडं. 2021 चा 695, त्याचाच वेग थोडा वाढवला अन् 2024 मंदी सहा एस जेन थ्री म्हनून आनला.” काका खूश. प्रोसेसर म्हणजे काय हे त्यांना अजून माहीत नाही, पण फसवणुकीची जात ओळखीची निघाली.

ही त्याची खरी विद्या. जगातली कुठलीही चिप तो वाशिम जिल्ह्याच्या हद्दीत आणून बसवतो. स्वस्त फोनमधलं इएमएमसी आणि बऱ्या फोनमधलं यूएफएस यांत फरक काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, “सर, इएमएमसी म्हंजे आपली अकोला–पूर्णा लाइन. एकेरी. इकडची गाडी आली का तिकडची स्टेशनात उभी. वाचाचं तं वाच, लिहाचं तं लिही, दोन्ही संगं नाई. यूएफएस म्हंजे डबल लाइन. येनारी येते, जानारी जाते.” एकाच पेशीत तीन बिट कोंबणारी टीएलसी आणि चार बिट कोंबणारी क्यूएलसी हा भेद त्यानं एसटीत समजावला, तोही उभ्यानं. “हे तीनचं बाक. तिघं बसले का टीएलसी. आता या मावशी बसतीन, थे क्यूएलसी. जागा तेवढीच, माल जास्त. पन उतराले टाइम लागते अन् बाक लवकर मोडते.” मावशींनी ‘क्यूएलसी’ ही शिवी समजून त्याला मानोऱ्याच्या फाट्यापर्यंत सुनावलं.

पण त्याची सर्वांत आवडती उपमा शंकरपटाची. बेंचमार्कवर, म्हणजे फोनची ताकद मोजणाऱ्या त्या अँटुटू वगैरे चाचण्यांवर, त्याचा जीव. तरी त्यांच्यावर आंधळा विश्वास नाही. “पटातला बैल दहा सेकंदात धुराळा करते सर. तोच बैल वखराले जुपा. तासाभरात जीभ बाहेर.” स्नॅपड्रॅगन 8 जेन 1 सॅमसंगच्या कारखान्यात झाला आणि तापला, 2022 मध्ये तोच थोडा सुधारून टीएसएमसीकडून 8 प्लस जेन 1 म्हणून करून घेतला, तेव्हा थंड पडला. ही कथा तो कीर्तनकारासारखी सांगतो. पूर्वरंग कोरियात, उत्तररंग तैवानात. आणि मग स्वतःची पुस्ती जोडतो: “त्याइच्या चाचन्या एसीत होतेत. आपल्याकडं मे महिन्यात त्रेचाळीस डिग्रीले टपरीच्या टिनाखाली घ्या म्हना चाचनी.” त्यानं ती खरंच घेतली होती. वीस मिनिटं टिनाखाली तीन फोन ओळीनं पळवले. फोन टिकले, याला उलट्या लागल्या.

एकदा मात्र त्यानं खरोखर लोकांच्या उपयोगाचं काम केलं आणि त्याचीच त्याला शिक्षा झाली. गावातल्या सेतू केंद्राचा संगणक चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की उत्पन्नाच्या दाखल्याला आलेला माणूस बटण दाबलेलं पाहून समोर चहाला जायचा. गिगाभाऊनं एका सकाळी पेचकस घेऊन डबा उघडला. आत धुळीची गादी, पंख्यात अडकलेलं कोळ्याचं जाळं आणि तळाशी सोयाबीनचे चार दाणे. ते तिथं कसे गेले हे कुणीच सांगू शकलं नाही. त्यानं हार्ड डिस्क काढून कानाशी धरली. “आयका. आत तबकडी फिरते मिनिटाले 5400 खेप, अन् त्याच्यावर सुई धावते. फाइल कुठं हाये थे शोधन्यातच अर्धा जीव जाते इचा.” मग रुमालात गुंडाळून आणलेली एसएसडी काढली. पत्त्यांच्या कॅटपेक्षा पातळ, वजन नाही म्हणावं असं. “हिच्या पोटात काहीच फिरत नाई. हार्ड डिस्क सेकंदाले शंभर एमबी देत होती, हे साडेपाचशे देते. अन् शोधाशोध तं नाईच.” दुपारी संगणक पंधरा सेकंदात उघडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या चहावाल्यानं नाही. त्याचा धंदा त्या दिवसापासून बसला. गिगाभाऊला तो अजून अर्धा कट पाव भरून देतो.

त्याच एसएसडीवरून झालेली फजिती तर गावात म्हणीसारखी सांगतात. डब्यावर 512 जीबी लिहिलेलं, पडद्यावर 476 दिसले. शेजारी उभ्या असलेल्या एका आबाजींनी ते बरोबर टिपलं. “अबे, मंग कडता कापला म्हन ना!”

“कडता नाई आबाजी. कंपनी हजाराचा हिशोब धरते, कम्प्युटर 1024 चा. माल पुरा हाये. माप येगळं हाये.”

“अडत्याबी हेच म्हनते.”

“नाई हो. हजार बाइट म्हंजे...”

“शेकड्याले किती जाते, थे सांग.”

गिगाभाऊनं हिशोब केला. “सात.”

“सात!” आबाजींनी टोपी नीट केली. “मंग आपला अडत्या बरा हाये पोट्टेहो.”

अर्धा तास गिगाभाऊ द्विमान अंकगणित सांगत होता. ते सगळं बरोबर होतं आणि कुणालाही पटलं नाही. मला आठवतं, त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा गप्प होता.

आता त्याच्या बापाच्या फोनची गोष्ट. ई-पीक पाहणीमुळं पेरा आपणच मोबाइलवर नोंदवायचा, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, हे 2021 पासून आलं. बापाचा बटणाचा फोन त्या कामाचा नव्हता. बाप म्हणाला, “मले एक साधा फोन आनून दे.” ‘साधा’ हा शब्द गिगाभाऊला कळत नाही. त्यानं खताच्या दुकानाची वही घेतली, चौदा रकाने आखले. प्रोसेसर, नॅनोमीटर, रॅमची जात, स्टोरेजची जात, पडद्याचा उजेड, किती वर्षं अपडेट. सोळा दिवसांत अकरा फोन आले, नऊ बाद झाले. उरलेल्या दोघांत तो अडकला. एकाचं स्टोरेज बरं, दुसऱ्याचा कॅमेरा बरा. बाप रोज संध्याकाळी विचारी, “झालं का?” हा म्हणे, “थांबा बाबा. पुढच्या महिन्यात...”

सतराव्या दिवशी बाप सकाळच्या एसटीनं एकटाच वाशिमला गेला. त्यानं फोन कसा निवडला, हे मला दुकानातल्या पोरानं सांगितलं. आधी फोन घेऊन तो गल्लीतल्या पिठाच्या गिरणीशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आता लाव रिंग.” गिरणीच्या घरघरीत ऐकू आली. मग भर उन्हात जाऊन पडदा पाहिला. मग अंगठा लावला. वखरानं आणि विळ्यानं त्या अंगठ्याच्या रेघा कधीच खाल्ल्यात. रेशनच्या यंत्रावरसुद्धा तो तीन-तीनदा दाबावा लागतो. पहिल्या दोन फोननी अंगठा ओळखला नाही. तिसऱ्यानं ओळखला. “मले वयखते, हाच दे,” म्हणाला आणि मोजून पैसे दिले. तीन रकान्यांत काम झालं.

घरी गिगाभाऊनं डबा उलटा करून वाचला. आत इएमएमसी. ‘हं’ अगदी ओठांवर आला होता. बापानं नुसतं वर पाहिलं. तो ‘हं’ त्यानं पाण्याबरोबर गिळला. दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर उभं राहून बापानं सोयाबीनचा फोटो काढला. एकेरी लाइनवरून का होईना, पोचला.

दसऱ्यानंतर माल बाजार समितीत नेला तेव्हा मी सोबत होतो, पुतण्याच्या हरभऱ्याचं बियाणं पाहायला म्हणून. हर्रास व्हायच्या आधी खरेदीदाराच्या माणसानं पोत्यात पोकळ सळई खुपसली, मूठभर दाणे काढले, उन्हात ठेवलेल्या मीटरमध्ये ओतले. “मॉइश्चर पंधरा पॉइंट आठ.” सोयाबीनला बाराचा दंडक, वरच्या प्रत्येक आकड्याला भाव खाली. बाप नेहमीसारखा खाली पाहू लागला. रांगेतले सगळे तसेच पाहत होते. आकडा सांगितला की मान खाली घालायची, ही इथली जुनी रीत.

गिगाभाऊ पुढं झाला. आवाज चढवला नाही. मोबाइलच्या दुकानात बोलतो तसाच बोलला. “भाऊ, एक रन चालत नाई. तीन घ्या. मीटर उन्हात तापला हाये, सावलीत आना. दाना वरचा घेतला, खालचा-मधलाबी मिसळा. अन् झाकन दर खेपेले तेवढंच आवळा.”

माणूस हसला. मग रांग पाहून त्याचं हसू गेलं. रांगेतली माणसं पहिल्यांदाच मीटरकडं बघत होती. सावलीत दुसरा आकडा आला 14.1. तिसरा 14.3. गिगाभाऊनं खिशातून तीच खताच्या दुकानाची वही काढली, नवा रकाना आखला, तिन्हींची सरासरी काढली. “पहिला पन धरतो. इमानदारीनं. 14.7.” क्विंटलमागं पन्नास रुपये वाचले. चौदा क्विंटलचे सातशे.

तेव्हा मला तो माणूस थोडा कळला. वजन दुसऱ्याच्या काट्यावर, ओलावा दुसऱ्याच्या यंत्रावर, भाव दुसऱ्याच्या तोंडी, असं ज्याचं सगळं आयुष्य, त्याच्या हाती स्वतः मोजून पाहता येईल अशी एकच वस्तू होती, खिशातली. ती तो पुन्हा पुन्हा मोजत होता. आम्ही त्याला वेड म्हणत होतो.

परतताना बाप बराच वेळ बोलला नाही. गावाजवळ आल्यावर म्हणाला, “हे आधी कावून नाई केलं बे?”

“मले फोनचंच इचारत होते ना सारे.”

पुढच्या आठवड्यात त्याला फोन सुरू झाले. या वेळी मोबाइलसाठी नव्हते. रांगेतल्या तिघा-चौघांनी ठरवलं होतं, वर्गणी काढून गावाचं स्वतःचं मॉइश्चर मीटर घ्यायचं. माल घरूनच मोजून न्यायचा. पैसे तयार होते. कोणतं मीटर घ्यावं, एवढंच सांगायचं होतं. मी त्याच्या ओसरीवरच बसलो होतो. वहीत नवे चौदा रकाने आखून झालेले. त्यानं फोन कानाला लावला, ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाला,

“थांबा. घाई करू नका. दिवाळीनंतर नवं मॉडेल येते.”