बडीशेपेशेजारची वाटी

परवा एका रिटायरमेंटच्या पार्टीत सावजी मटण झाल्यावर बडीशेपेशेजारी आणखी एक वाटी फिरली. तीत गॅसच्या गोळ्या होत्या. यजमानांनी पट्ट्या कापून एकेक गोळी सुटी करून ठेवली होती, घेणाऱ्याला संकोच नको म्हणून. ‘घ्या हो भाऊजी, गॅसचीच तर आहे. काही होत नाही.’ भाऊजींनी दोन घेतल्या. एक घरी ताईसाठी.

ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. जठराच्या अस्तरात आम्ल सोडणारे पंप असतात. घास पोटात पडला की ते सुरू होतात, आणि या गोळीतले पॅन्टोप्राझोल कुलूप घालते ते चालू पंपालाच. पूर्ण गुण यायला तर काही दिवस जातात. खूर-सुंदरी रिचवून तर्री गळ्याशी आल्यावर गिळलेली गोळी करणार काय? पण ‘उपाशीपोटी’ म्हणावे, तर नागपुरात पोट रिकामे असते कधी? सकाळी कस्तुरचंद पार्कपाशी तर्री-पोहे, अकराला समोसा, चारला आलूबोंडा. राजेहो, तो मुहूर्त आपल्या पंचांगात नाही.

तरी वेळेचे मी सोडून देतो. माझे भांडण कात्रीशी आहे. मेडिकलवाल्याच्या काउंटरवरच्या कात्रीशी.

पट्टीवर औषधाचे नाव असते, मुदत असते, लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय विकू नये असा शेड्यूल एचचा इशारा असतो. तुम्ही चार गोळ्या मागता. कात्री अशी चालते की मुदत दुकानात राहते, नावाचे शेपूट तुमच्याकडे येते आणि इशाऱ्याचे दोन तुकडे होतात. चिठ्ठी कोणी मागत नाही. विचारतात एवढेच, ‘साधी की डी?’ डी म्हणजे डोमपेरिडोन. काहींच्या हृदयाचे ठोके ते बिघडवू शकते, आणि आपण ते चटणी वेगळी की वरून, अशा थाटात निवडतो! मग तो बिननावाचा तुकडा शर्टाच्या खिशातून ऑफिसभर हातोहात फिरतो. कोणती गोळी? ‘गॅसची.’ किती दिवस? ‘रोजच घेतो.’ अहो, जळजळीला साधारण चार ते आठ आठवड्यांचा कोर्स देतात. वर्षानुवर्षे घेतली तर बी-१२ घटू शकते, मॅग्नेशियम घटू शकते. हातापायांना मुंग्या येतात, मग मुंग्यांची गोळी येते, आणि तिने पोट बिघडू नये म्हणून सोबत कोण येते हे सांगायला नको. एकदम बंद केली की दाबलेले आम्ल उसळते, आणि गडी छातीवर हात ठेवून सांगतो, पाहा, हिच्याशिवाय मला जमतच नाही! (अल्सरसाठी किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत डॉक्टरांनी लिहून दिली असेल, त्यांनी माझे ऐकून बंद करू नये. माझ्याकडे एवढी जबाबदारी नको.) २०२२ साली गॅसवरचेच रॅनिटिडिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळले. तुमच्या खिशात तेच आहे की दुसरे, हे कळायला नाव लागते, आणि नाव कात्रीने ठेवून घेतले आहे. सगळ्यात संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. छाती भरून आली आहे, घाम फुटला आहे, डावा हात जड झाला आहे, तरी घरातले शहाणे आधी तो तुकडा शोधतात. गाडी काढा ना!

तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात. बडगे करणाऱ्यांना विनंती, यंदा एक या कात्रीचा काढा. आणि वाचकहो, तोवर मेडिकलमध्ये गेलात की नाव आणि मुदत छापलेल्या बाजूचा तुकडा मागा. दुसरी बाजू दुकानदाराने खुशाल ठेवून घ्यावी.